बाबांचा स्कोअर २५ आहे, म्हणजे नेमकं काय?

पत्र: माझे बाबा ६१ वर्षांचे. दारूला कधी शिवले नाहीत, पण मधुमेह जुना, फॅटी लिव्हरही जुनं, आणि त्यातूनच सिरॉसिस झाला, म्हणजे लिव्हर निबर झालं. गेल्या आठवड्यात पोट फुगलं, ताप आला, लघवी कमी झाली म्हणून सांगलीत ॲडमिट केलं. पोटातल्या पाण्यात इन्फेक्शन निघालं. फाईलवर ‘मेल्ड २५’ लिहिलंय. बिलिरुबिन ४, आयएनआर १.८, क्रिएटिनिन २.१. एक डॉक्टर म्हणाले, असे पाचातला एक पेशंट तीन महिन्यांत जातो. दुसऱ्यांनी आईला बाजूला घेऊन ‘सहा-आठ महिने धरून चाला’ असं सांगितलं. चुलतभावाने रिपोर्ट एआयला विचारले, तर तिसरंच उत्तर आलं. भाऊ कॅनडात आहे, त्याला मोठी रजा एकदाच मिळेल. तो रोज विचारतो, नक्की कधी येऊ? धाकट्या बहिणीचं लग्न मे महिन्यात ठरलंय. आई म्हणते, बाबांना यातलं काही कळू द्यायचं नाही. मी कोणाचं खरं मानू?
– एक मुलगी, सांगली

ताई,

दोन डॉक्टरांनी तुम्हाला उलटसुलट सांगितलं असं तुम्हाला वाटतंय, पण तसं झालेलं नाही. बाबांसारखे शंभर पेशंट डोळ्यांसमोर आणा. त्यातले वीस जण पहिल्या तीन महिन्यांत गेले आणि लिव्हर प्रत्यारोपणाशिवाय आठ महिन्यांपर्यंत निम्मे गेले, तर पहिले डॉक्टरही बरोबर आणि दुसरेही. पहिल्यांनी जवळचा धोका सांगितला, दुसऱ्यांनी मधला टप्पा. ‘सहा-आठ महिने’ हे शब्द ऐकले की घरातले सगळे कॅलेंडरवर तारीख शोधायला लागतात. प्रत्यक्षात त्या शब्दांचा अर्थ एवढाच असतो, की निम्मे पेशंट त्याआधी जातात आणि निम्मे त्यानंतरही असतात. त्या शंभरांत बाबा कितवे, हे दोघांनाही ठाऊक नाही. मलाही नाही, कारण मी बाबांना तपासलेलं नाही. हातात आहे ते फक्त तुमचं पत्र.

तरी तुमच्या पत्रातले तीन आकडे बरंच सांगतात.

मेल्ड हा लिव्हरचा आजार किती गंभीर ते मोजणारा स्कोअर, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २००० साली मांडला. यकृतातून नळी घालून यकृताकडे येणाऱ्या रक्तवाहिनीतला दाब उतरवण्याची एक प्रक्रिया असते. ती केल्यावर कोणता पेशंट तग धरेल, हे आधी ओळखावं एवढाच मूळ हेतू होता आणि अभ्यास २३१ पेशंटचा होता. पुढे लक्षात आलं, की सिरॉसिसच्या इतर पेशंटचा अंदाजही त्यातून चांगला बांधता येतो. २००२ पासून अमेरिकेत दान मिळालेलं लिव्हर आधी कोणाला द्यायचं ते या स्कोअरवर ठरू लागलं. तिथल्या प्रतीक्षायादीवरच्या ३,४३७ पेशंटवर तो पारखला, तेव्हा ९ पेक्षा कमी स्कोअरचे १.९ टक्के पेशंट तीन महिन्यांत दगावले होते आणि ४० किंवा त्याहून जास्त स्कोअरचे ७१.३ टक्के. २० ते २९ या पट्ट्यात साधारण २० टक्के. तुमच्या डॉक्टरांचं ‘पाचातला एक’ बहुधा इथूनच आलेलं आहे.

म्हणजे रांगेत कोणाची निकड जास्त, हे ठरवण्यात या स्कोअरचं खरं कसब आहे. एका घरातल्या एका माणसाचं काय होईल, हे सांगायला तो बनलेलाच नाही.

आता २५ कसे झाले ते पाहा. मूळ सूत्रात रक्ताच्या तीनच तपासण्या येतात: बिलिरुबिन (कावीळ किती ते), आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते) आणि क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते). तुमचे आकडे घातले की २५ येतात. बिलिरुबिन आणि आयएनआर तसेच ठेवले आणि फक्त क्रिएटिनिन २.१ वरून १.१ वर आलं, तर स्कोअर १९ होतो. लिव्हर तेच, माणूस तोच, आणि स्कोअर सहाने खाली. १० ते १९ च्या पट्ट्यात तीन महिन्यांतल्या मृत्यूंचं प्रमाण साधारण ६ टक्के आहे. बाबांचं क्रिएटिनिन इन्फेक्शनमुळे चढलं असेल, तर उपचाराने ते उतरू शकतं. मधुमेहाने किडनी आधीच दुखावलेली असेल, तर तितकं उतरणार नाही. म्हणून डॉक्टरांना पहिली गोष्ट विचारा: ॲडमिट व्हायच्या आधी, महिना-दोन महिन्यांपूर्वी, क्रिएटिनिन किती होतं? घरात जुने रिपोर्ट असतीलच. मधुमेहाच्या फाईलमध्ये नक्की सापडेल.

स्कोअर ज्या दिवशी काढला त्याच दिवसापुरता तो खरा असतो. ॲडमिट केल्या दिवशीचे २५ आणि उपचाराच्या सातव्या दिवशीचे २५ यांत फार फरक आहे. दुसरे मला जास्त काळजीचे वाटतात.

पण १९ आले तरी निर्धास्त होऊ नका. स्कोअरला न दिसणाऱ्या पुष्कळ गोष्टी आहेत. बाबा रात्री जागे आणि दिवसा झोपलेले असतात का, बोलताना अडखळतात का, दंड-मांड्या वाळल्या आहेत का, पोटातलं पाणी पुन्हा पुन्हा काढावं लागतंय का, यातलं काही त्या सूत्रात नाही. स्नायू झिजलेल्या माणसाचं क्रिएटिनिन मुळातच कमी येतं, त्यामुळे त्याची तब्येत असते त्यापेक्षा बरी दिसते. बायकांच्या बाबतीत हे वर्षानुवर्षं घडत राहिलं आणि अमेरिकेच्या प्रतीक्षायादीत त्या मागे पडत गेल्या. म्हणून २०२३ मध्ये तिथे सुधारलेलं सूत्र आणलं, त्यात स्त्री-पुरुष फरक आणि अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) धरलं. रक्तातलं सोडियम त्याआधी २०१६ मध्येच आलं होतं. आणि तुमच्या बाबांच्या बाबतीत सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पोटातल्या पाण्यात झालेलं इन्फेक्शन. ते बरं झालं तरी पेशंट आजाराच्या वेगळ्या टप्प्यावर गेलेला असतो. ते पुन्हा होऊ शकतं, म्हणून घरी सोडताना पुढे चालू ठेवायची अँटिबायोटिकची गोळी देतात. प्रत्यारोपणाचा विचार सुरू करायची वेळही हीच असते.

याच इन्फेक्शनवरचा एक अभ्यास तुम्हाला मुद्दाम सांगतो. स्पेनमधल्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये तो प्रसिद्ध केला. पेशंट १२६. सगळ्यांना अँटिबायोटिक एकच. निम्म्यांना त्याच्या जोडीला शिरेतून अल्ब्युमिन, निदान झालं त्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी. नुसत्या अँटिबायोटिकच्या गटातले ४१ टक्के पेशंट तीन महिन्यांत दगावले. अल्ब्युमिन मिळालेल्या गटातले २२ टक्के. किडनी बिघडण्याचं प्रमाण ३३ वरून १० टक्क्यांवर आलं. सर्वात जास्त फायदा दिसला तो ज्यांचं बिलिरुबिन किंवा क्रिएटिनिन आधीच वाढलेलं होतं त्यांना, म्हणजे बाबांसारख्यांना. तेव्हा उद्याच्या राऊंडला विचारा, ‘अल्ब्युमिन दिलंय का? किती, आणि कोणकोणत्या दिवशी?’ आणि हेही विचारा, की अँटिबायोटिक सुरू केल्यावर ४८ तासांनी पोटातलं पाणी पुन्हा तपासलं का. त्यातल्या पांढऱ्या पेशी उतरलेल्या दिसल्या, तर औषध लागू पडतंय. पहिल्या मोजणीपेक्षा चतुर्थांशानेही त्या कमी झाल्या नसतील, तर औषध बदलायचा विचार लगेच व्हायला हवा. डॉक्टरांना याचा राग यायचं कारण नाही. नम्रपणे, वहीत लिहून नेऊन विचारा.

एवढं सविस्तर सांगतोय, कारण भाकिताच्या आकड्यात उपचार आधीच मिसळलेला असतो. तुमच्या चुलतभावाच्या एआयलाही हे लागू आहे. १९९० च्या दशकात अमेरिकेत पिट्सबर्गच्या संशोधकांनी न्यूमोनियाच्या पेशंटपैकी कोणाला धोका जास्त, हे संगणकाला शिकवायचा प्रयत्न केला. संगणक आकडेवारीतून शिकला, की दमा असलेले न्यूमोनियाचे पेशंट कमी मरतात! आकडे खोटे नव्हते. पण दमेकऱ्याला न्यूमोनिया झाला की डॉक्टर त्याला तडक आयसीयूत घेत आणि जिवापाड सांभाळत, म्हणून तो वाचत होता. संगणकाचं ऐकून दमेकऱ्यांना घरी पाठवलं असतं, तर काय झालं असतं ते सांगायला नको. चुलतभावाने मदतच केली, त्याला रागावू नका. पण बाबांना कोणता उपचार मिळाला, तो लागू पडतोय का, किडनी आधी कशी होती, हे त्या एआयला कोणी सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांच्या अंदाजाचंही मी झाकून ठेवत नाही. शिकागोमध्ये ३४३ डॉक्टरांना त्यांच्या ४६८ मरणासन्न पेशंटबद्दल विचारलं, हा किती जगेल? हा अभ्यास २००० साली आला. अंदाज ढोबळमानाने बरोबर ठरला तो २० टक्के वेळा. ६३ टक्के वेळा डॉक्टरांनी जास्त आयुष्य सांगितलं होतं, आणि सरासरी पाहिली तर पाचपटीहून जास्त. डॉक्टर पेशंटला जितका जास्त काळ ओळखत होता, तितकी चूक मोठी. मला यात डॉक्टरांचं अज्ञान दिसत नाही. ओळखीच्या माणसाबद्दल वाईट उच्चारताना जीभ जड होते, डॉक्टरचीसुद्धा. म्हणूनच वर्षानुवर्षांच्या फॅमिली डॉक्टरने दिलेल्या धीराला आधार माना, मुदत मानू नका.

मग विचारायचं कसं? ‘किती दिवस आहेत?’ असं विचारलं की डॉक्टर एकतर आकडा फेकतात, नाहीतर ‘देवावर भरवसा ठेवा’ म्हणून पुढच्या खाटेकडे जातात. त्याऐवजी दहा मिनिटं वेगळी मागून घ्या, बसून बोला आणि असं विचारा: ‘सगळं मनासारखं झालं तर तीन महिन्यांनी बाबा कसे असतील? वाईट झालं तर काय होईल? आणि तुम्हाला स्वतःला यातलं काय होईल असं वाटतं?’ तिन्हीची उत्तरं वहीत लिहा. त्यानंतर जो प्रश्न विचाराल, तो माझ्या मते सगळ्यात मोलाचा: ‘पुढच्या आठ-दहा दिवसांत काय दिसलं तर तुमचं मत बदलेल?’ चांगला डॉक्टर याचं नेमकं उत्तर देतो. क्रिएटिनिन उतरलं तर, लघवी सुटली तर, भ्रम झाला तर, रक्ताची उलटी झाली तर. ते उत्तर मिळालं की तुम्हाला आकड्याकडे बघत बसावं लागत नाही. कशाकडे लक्ष ठेवायचं ते कळतं.

आता भावाचं. त्याला सांगा, आत्ता ये.

हे मी घाबरवण्यासाठी म्हणत नाही. कॅन्सरच्या बऱ्याच पेशंटची तब्येत काही काळ बरी टिकते आणि मग शेवटच्या काही आठवड्यांत भराभर उतरते. घरच्यांना ते दिसतं. लिव्हर, हृदय, फुप्फुसं यांच्या जुन्या आजारांत तसं नसतं. पेशंट एकदम खाली जातो, सावरतो, घरी येतो, पुन्हा खाली जातो. प्रत्येक वेळी सावरतो तो आधीपेक्षा थोडा कमी, आणि यातली शेवटची वेळ कोणती, ते तेव्हा कोणालाच ओळखता येत नाही. अमेरिकेत अशा गंभीर आजारी पेशंटचा मोठा अभ्यास झाला. त्यात मृत्यूला एकच आठवडा उरलेला असतानाही, पेशंट आणखी दोन महिने जगण्याची शक्यता सूत्राप्रमाणे निम्म्या पेशंटसाठी ५१ टक्के किंवा त्याहून जास्त निघत होती. अगदी आदल्या दिवशीसुद्धा १७ टक्के. ‘आता नक्की’ असा फोन यायची वाट पाहणारा मुलगा विमानात असतानाच बातमी येते, ती म्हणूनच.

शिवाय लिव्हरच्या आजारात माणूस असतो, पण बोलण्यात नसतो, असं होऊ शकतं. रक्तातली विषारी द्रव्यं मेंदूवर चढली की दिवस-रात्र कळत नाही, माणसं ओळखू येत नाहीत. औषधाने हे पुष्कळदा उतरतं, पण भरवसा नसतो. भावाने बाबांशी बोलायला यावं, आणि बाबा आज बोलताहेत.

त्याच्या रजेचा दुसराही पैलू आहे. आपल्याकडे बहुतेक लिव्हर प्रत्यारोपणं जिवंत दात्याकडून होतात. मुलगा, मुलगी, पत्नी किंवा भावंड लिव्हरचा भाग देतं. मृत दात्याचं लिव्हर मिळण्यासाठी विभागीय समन्वय समितीच्या यादीत नाव लागतं आणि ती नोंद प्रत्यारोपण करणारं हॉस्पिटलच करतं. ६१ हे वय आड येत नाही. हृदय, किडनी, मधुमेह कसे आहेत ते मात्र पाहावं लागेल आणि आधी इन्फेक्शन पूर्ण जायला हवं. डिस्चार्जची वाट न पाहता, पुण्या-मुंबईतल्या प्रत्यारोपण केंद्रात रिपोर्ट पाठवून मत घ्या. ‘तुमचा पेशंट प्रत्यारोपणाच्या वाटेवर आहे की नाही?’ याचं उत्तर मिळेपर्यंत बाकी सगळ्या आकड्यांना अर्धाच अर्थ आहे, कारण प्रत्यारोपण झालं तर ते ‘सहा-आठ महिने’ पूर्ण पुसले जातात. खर्चाचा आकडाही तिथेच, आणि लेखी, मागा.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. दाता कोण, हे घरात पंगत बसवून ठरवू नका. दात्याचं ऑपरेशनही मोठं असतं आणि त्यालाही धोका असतो. तुम्हाला, भावाला, बहिणीला, प्रत्येकाला एकट्याने डॉक्टरांशी बोलून ‘नाही’ म्हणायची मोकळीक हवी. ज्याने ‘नाही’ म्हटलं, त्याला त्याचं कारण घरात कोणी विचारू नये. फॅटी लिव्हर घरात असेल तर तपासणीतच कोणाचं नाव गळू शकतं, हेही आधीपासून ठाऊक असू द्या.

लग्नाचा निर्णय बाबांवर सोडा. ते घरी आले, की त्यांना विचारा: मे महिन्यापर्यंत थांबायचं, की घरच्या माणसांत आधी लावून द्यायचं? लेकीच्या लग्नाबद्दल बापाचं मत असतंच.

आणि हे विचारायचं, म्हणजे त्यांना काहीतरी सांगावं लागणार. आईची भीती मी समजू शकतो. ‘ऐकलं की खचतील’ असं पुष्कळ घरांत म्हणतात. पण बाबा गेल्या आठवड्यापासून हॉस्पिटलात आहेत, त्यांच्या पोटात सुई घालून पाणी काढलंय, आणि खोलीत कोणी आलं की बोलणं थांबतंय. त्यांना कळत नसेल असं मला वाटत नाही. आजार त्यांचा आहे, लिव्हर कोणाचं घ्यायचं किंवा घ्यायचं का, हेही त्यांनाच ठरवायचंय. आकडा तोंडावर फेकू नका. एवढंच विचारा, ‘बाबा, डॉक्टर आजाराबद्दल बोलणार आहेत. तुम्हाला सगळं ऐकायचंय, की मोघम चालेल, की आम्हीच ऐकून घेऊ?’ काही जण म्हणतात, तुम्हीच बघा. तेही त्यांचंच उत्तर झालं, आणि मग आईचं म्हणणं राखलं जातं. पण विचारल्याशिवाय त्यांच्या वतीने ठरवू नका.

ते मोकळेपणी बोलले, तर तब्येत फारच बिघडल्यास व्हेंटिलेटर हवा का, हेही विचारून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशी इच्छा आधी लिहून ठेवायला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. हे प्रत्यारोपणाच्या तयारीच्या आड येत नाही. दोन्ही एकाच वेळी चालू शकतं.

आईला वाटेल, असं बोललं की माणूस हात टेकतो. तिला बोस्टनमधला २०१० सालचा अभ्यास सांगा. पेशंट फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरचे होते, आजार वेगळा. पण ज्यांना सुरुवातीपासूनच पॅलिएटिव्ह केअर मिळाली, म्हणजे त्रास कमी करणारे उपचार आणि पुढच्या काळाबद्दल मोकळं बोलणं, त्यांच्यापैकी शेवटी जोरकस उपचार घेणारे कमी होते, आणि तरी त्यांच्यातले निम्मे ११.६ महिन्यांहून जास्त जगले; बाकीच्यांत हाच आकडा ८.९ महिने होता. पेशंटशी खरं बोलण्याने आयुष्य घटतं, असं त्यात कुठेच दिसलं नाही.

आज रात्रीच भावाला फोन करा. त्याचा रक्तगट विचारून घ्या आणि तिकीट काढायला सांगा. परतीची तारीख बदलता येईल असं. उद्या राऊंडला वही घेऊन जा: अल्ब्युमिन, ४८ तासांची तपासणी, जुनं क्रिएटिनिन, आणि डॉक्टरांचं मत कशाने बदलेल. आठवड्याने नवं क्रिएटिनिन, बिलिरुबिन, आयएनआर आणि सोडियम, चारही मला कळवा. बाबांनी काय उत्तर दिलं, तेही लिहा.